खुर्चीचा गॅस दिल्लीहून येतोय

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख मागायला संपादकबाई घरी आल्या, तेव्हा मी जमिनीवर मांडी घालून लसूण सोलत बसलो होतो.

"काका, पस्तीस वर्षं खुर्च्या विकल्यात आणि बसलात खाली?"

"म्हणूनच बसलोय," मी म्हटलं.

"मग हेच लिहून द्या," असं म्हणून त्या चहा पिऊन गेल्या.

हे लिहितोय ते घरातल्या दोघींच्या परवानगीने. सुनंदाने, म्हणजे आमच्या घरच्या सरकारने, अट घातली की तिचं बोलणं जसंच्या तसं यावं, कारण सांगताना मी नेहमी माझी वाक्यं सुधारून घेतो आणि तिची बिघडवतो. मुलगी मुग्धा पुण्याहून फोनवर म्हणाली, "लिहा बाबा, सगळं लिहा. गॅसचं पण." म्हणजे पळायला वाट ठेवली नाही.

आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले. पुढे घोडे गेले, बसणं तेवढं राहिलं. आजोबा दरबारच्या कचेरीत बसले, वडील सरकारी खात्यात बसले आणि मी लोकांना बसवायचं दुकान काढलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाड्याच्या चौकापासून पायी पाच मिनिटांवर, एक चष्मेवाला आणि एक लग्नपत्रिका छापणारा यांच्या मधे. लोक चष्मा घ्यायला यायचे, पत्रिका बघायला जायचे आणि दमले की माझ्याकडे बसायचे. त्यातला दहातला एक खुर्ची घ्यायचा. धंदा एवढाच.

तेव्हा मला खुर्चीतलं काय कळत होतं? काहीही नाही. मला वाटायचं, मऊ ती चांगली आणि मोठी ती महाग. हा गैरसमज एका वकीलसाहेबांनी दूर केला.

दुकानाचं पहिलंच वर्ष होतं. वकीलसाहेबांची उंची बेताची, आवाज मात्र कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचणारा. मी त्यांना दुकानातली सगळ्यात भारदस्त खुर्ची दाखवली. डोक्याच्या वर जाणारी पाठ, काळं रेक्झिन, बसलं की माणूस सहा इंच आत. ते बसले, "वाह!" म्हणाले आणि त्या 'वाह'चा आवाज विरायच्या आत मी पावती फाडली.

पंधरा दिवसांनी ती खुर्ची टेम्पोतून परत आली. मागोमाग वकीलसाहेब, हात कमरेवर, सगळे डावीकडे कललेले.

"आप बैठिए इसमें," ते म्हणाले.

"मैं? क्यों साहब?"

"आप बैठिए तो. हम चाय पीते हैं."

मी बसलो. उंचीच्या बाबतीत मी वकीलसाहेबांचाच भाऊ. पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग लक्षात आलं की माझे पाय जमिनीला लागतच नाहीयेत आणि सीटची कड मांडीखाली करकचून दाबतेय. पाय टेकवायला पुढे सरकलो तर पाठ सुटली. पाठ टेकवायला मागे गेलो तर पाय लोंबायला लागले. वकीलसाहेब समोर स्टुलावर पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "हिलना मना है. हम कोर्ट के काग़ज़ लिखते हैं तो हिलते हैं क्या?"

तास झाला. तेवढ्यात एक नवं गिऱ्हाईक दारात आलं. मी अदबीने उठायला गेलो, दोन्ही पाय बधिर होते, आणि मी थेट त्या माणसाच्या पायांवर लोटांगण घातलं. त्याला वाटलं, दुकानदार फारच नम्र आहे. त्याने दोन खुर्च्या घेतल्या.

वकीलसाहेब हसून हसून सरळ झाले. पण जाताना जे बोलले ते मी आयुष्यभर वापरलं. "भाईसाहब, दो मिनट में तो हर कुर्सी अच्छी लगती है. हमें चार घंटे की कुर्सी चाहिए."

त्या दिवसापासून दुकानाच्या मागच्या भागात मी एक टेबल मांडलं आणि नियम केला. टेबलावर बसून करायच्या कामासाठी खुर्ची हवी असेल तर आपलं काम घेऊन यायचं आणि इथे बसून एक तास करायचं. मग बोलायचं. पहिले सहा महिने लोक मला वेडा समजले. शेजारचा चष्मेवाला विचारायचा, "कुर्सी बेच रहे हो कि ट्यूशन पढ़ा रहे हो?"

नंतर मात्र सवय झाली. बँकेतला कॅशिअर सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरचा हिशोब घेऊन यायचा. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमधून एक शिक्षिका यायच्या, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. त्यांनी चार खुर्च्या नापास केल्या आणि चार दिवसांत गठ्ठा संपवला. पाचव्या दिवशी खुर्ची पास झाली, तर म्हणतात, "अब तो कापियाँ ख़त्म हो गईं, अब क्या करूँगी कुर्सी का!" तरी घेतली.

दुपारी बाहेर बाड्याचा गोंगाट, ऑटोवाल्यांची भांडणं, आणि आत माझ्या दुकानात तीन अनोळखी माणसं मान खाली घालून आपापलं काम करतायत. पेनांचा आवाज ऐकू यायचा. मी गल्ल्यावर बसून त्यांचे पाय बघायचो. हो, पाय. खुर्ची बरी की वाईट, हे चेहऱ्यावर कळत नाही, तो सभ्यपणे खोटं बोलतो. पाय बोलत नाहीत. एक पाय मागे खुर्चीच्या पायाला अडकवला, दुसरा मांडीखाली दुमडला, की समजायचं, उंची चुकली.

बाहेरच्यांसाठी सांगतो, फार काही गुपित नाही यात. पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, ही पहिली गोष्ट आणि जवळजवळ शेवटचीसुद्धा. मागे टेकून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत तीन-चार बोटं मावली पाहिजेत. कमरेला जिथे आतला बाक असतो तिथे खुर्चीने मागून हळूच हात दिल्यासारखं वाटलं पाहिजे. खांदे न उचलता कोपरं टेबलाच्या उंचीला यायला हवीत, म्हणजे खुर्ची घेताना टेबलही मोजावं लागतं, आणि हे कोणी मोजत नाही. एवढं सगळं जमलं तरी अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायचं. न उठता बसून राहता येईल अशी खुर्ची देवानेही केलेली नाही.

आता पाय किती लोंबतायत हे मोजायचं कसं? गुडघ्यापाशी टेप घेऊन गेलो तर बायका संकोचायच्या, पुरुषांना गुदगुल्या व्हायच्या. मी युक्ती काढली. रद्दीचे पेपर घ्यायचे आणि पायांखाली एकेक ठेवत जायचं. मांडीखालचा दाब गेला की थांबायचं. गठ्ठ्याची उंची मोजायची आणि खुर्ची तेवढी खाली घ्यायची. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, त्यामुळे तिचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे.

मुग्धा शाळा सुटली की सवारीच्या टेम्पोने दुकानात यायची आणि त्याच टेबलावर अभ्यास करायची. सहा-सात वर्षांची असताना तिच्या पायांखाली वीतभर रद्दी लागायची. दर वाढदिवसाला आम्ही ती मोजायचो. गठ्ठा एक इंच कमी झाला की ती गिऱ्हाइकांना सांगायची, "मैं एक इंच बड़ी हो गई!" ज्या वर्षी एकही पेपर लागला नाही त्या वर्षी तिने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे त्या वेळी माणसाला कळत नाही.

पुढे ती पुण्याला शिकायला गेली, तिथेच एका कंपनीत लागली. कॉम्प्युटरसमोर बसून नऊ तास काम. मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचो, "पोरगी बसायचंच काम करते, खानदानी आहे." इकडे लोक फोनवर फोटो बघून खुर्च्या मागवायला लागले. फोटोला एक तास बसवून बघता येत नाही, पण हे ऐकायला कोणी दुकानात येईना. जागेच्या मालकाने इमारत विकली आणि मी दुकान बंद केलं. मागचं टेबल कोणी घेतलं तेही मला आठवत नाही, इतक्या घाईत ते सगळं उरकलं.

त्यानंतर दोन वर्षांनी मुग्धा घरी आली. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती. ती आठ दिवसांसाठी आली आणि राहिली. घरात पुन्हा दुपारी कामाचा आवाज सुरू झाला. पेनांचा नव्हता, बटणांचा होता, पण माझ्या कानांना चालत होता.

तिला मी माझ्याकडची एकुलती एक उरलेली खुर्ची दिली. चांगली होती, जाळीची पाठ, फिरती, पण तिचा गॅस गेलेला. या खुर्च्यांच्या सीटखाली एक नळकांडं असतं, त्यातल्या हवेच्या जोरावर खुर्ची वरखाली होते. आम्ही त्याला नुसतं गॅस म्हणतो. तो गेला की खुर्ची बसल्या बसल्या खाली येते. मी तात्पुरती सोय म्हणून प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा कापून त्या नळकांड्याभोवती अडकवला. खुर्ची वर राहिली. पाइप कापताना मी आमच्या जुन्या टेबलाची उंची बघितली. ते टेबल माझ्या वडिलांचं, उंचच्या उंच. मुलीचे पाय मोजायचे राहून गेले. पस्तीस वर्षांनंतर ही चूक. असो, ती चूकच होती, प्रामाणिक. पुढचं तसं नव्हतं.

महिन्याभरात मुग्धाची पाठ दुखायला लागली. डॉक्टरांनी व्यायाम दिला, प्रवास नको म्हणाले. नेमकं त्याच आठवड्यात कंपनीने सगळ्यांना परत ऑफिसला बोलावलं. तिने कळवलं की पाठीमुळे येता येत नाही, त्यांनी तीन महिने दिले. त्यानंतर आलं नाही तर नोकरी गेली.

मी दिल्लीच्या जुन्या व्यापाऱ्याला फोन करून नवा गॅस मागवला. चौथ्या दिवशी पार्सल आलं. दारात मीच घेतलं. त्याच दिवशी जेवताना मुग्धा आईला म्हणाली, "पाठ ठीक झाली ना, की मी लगेच निघून जाईन. तिकडे माझी टीम वाट बघून राहिली आहे."

मी वरण वाढून घेतलं. पार्सल माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होतं, जुन्या पावत्यांच्या मागे. म्हटलं, आज नको, उद्या लावू.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, गॅस आला का?"

"दिल्लीहून येतोय," मी म्हणालो.

पहिलं खोटं बोलायला मला फार जड गेलं असं लिहायला बरं वाटलं असतं. पण सुनंदा लेख वाचणार आहे. अजिबात जड गेलं नाही. आठव्या दिवशी तर मी त्यात रंग भरायला लागलो होतो. व्यापाऱ्याच्या घरी लग्न आहे. मग माल चुकून झाशीला उतरला. मग चुकीचा साइझ आला, परत पाठवला. सुनंदा म्हणायची, "तुमचा गॅस आहे की वरात? जिथे तिथे थांबून राहिला आहे!"

आणि मी रोज दुपारी पेपर वाचायचं निमित्त करून तिच्या खोलीच्या दारात बसायचो आणि तिचे पाय बघायचो. तीन इंच वर. एक मांडीखाली दुमडलेला, दुसरा हवेत. मला जगात एकच गोष्ट वाचता येत होती आणि ती माझ्यासमोर उघडी पडली होती. मी पेपराचं पान उलटायचो. संध्याकाळी ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आई तिला शेकायला पिशवी द्यायची, आणि मग आम्ही तिघं जेवायचो. तिघं. ताट वाढताना सुनंदा विचारायची, "मुग्धा, पोळी?" हा आवाज घरात बारा वर्षांनी आला होता. एवढ्याचसाठी.

असे सहा आठवडे गेले.

एके सकाळी मी भाजी घेऊन आलो तर जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, तो गॅस उभा होता. चकचकीत, प्लास्टिकमधून काढलेला. सुनंदा विजेचं जुनं बिल शोधत होती, तिला सापडला.

"हा दिल्लीहून चालत आला का?" ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली. आतल्या खोलीत मुग्धा खुर्चीत बसली होती. पायांखाली रद्दी. मी उंबऱ्यातच थांबलो. ती वाकून गठ्ठ्याला पट्टी लावत होती.

"तीन इंच आणि वर थोडं," ती म्हणाली. "मला वाटलं, पाइप तुम्ही लावलाय म्हणजे बरोबरच असणार. मी मोजलंच नाही."

मी आत जाऊन गठ्ठ्यातला एक सुटलेला पेपर सरळ केला.

"कधीपासून आहे तो घरात?"

"चौथ्या दिवसापासून."

"मग झाशी?"

"झाशी मी केली."

तिच्या तोंडाला हसू आलं होतं की रडू, ते मला आजही सांगता येत नाही. म्हणाली, "बाबा, थांब म्हणायचं होतं ना मला."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

तिने जरा विचार केला. खोटं बोलायचं नाही, हे ती आईकडून शिकली आहे.

"नसते थांबले. पण तुम्ही म्हणायचं तर होतं."

मागून सुनंदाचा आवाज आला, "लोकांच्या पाठी सांभाळल्या पस्तीस वर्षं, आणि घरच्या पोरीला टांगून ठेवलंत!" तिचा राग खरा होता. पण मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ उगीच वाहत राहिला.

त्याच दुपारी मी हरिराम मिस्त्रीला बोलावलं. दुकानाच्या दिवसांत मोडक्या खुर्च्या तोच दुरुस्त करायचा. किला गेटला राहतो, अजूनही सायकलवर येतो. त्याने खुर्ची उलटी केली, पाइप बघितला, रद्दी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"पाइप किसने काटा?"

"मैंने."

"लंबा काट दिया. चलो, हो जाता है." त्याने पाइप बाजूला ठेवला. "पर छोटा करने में तो दस मिनट लगते, भाईसाहब. आरी आपके घर में है. गैस की राह क्यों देखते रहे?"

मी म्हटलं, "लक्षातच नाही आलं." हे मी मराठीत बोललो. हरिरामला मराठी येत नाही, पण त्याला सगळं समजलं. तो म्हणाला, "हमारी बिटिया तो आगरा में है. दो साल हो गए." आणि ठोकायला लागला.

गॅस बसवला. वडिलांच्या टेबलाचे चारही पाय अडीच इंचांनी कापले. मी खुणा केल्या, हरिरामने कापलं, म्हणून टेबल डुगडुगत नाही. मी कापलं असतं तर आजपर्यंत तिपाई झाली असती. मग मुग्धाला बसवलं आणि सांगितलं, "तुझं काम कर. एक तास."

तो तास मी दारात न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसून काढला. उठून खुर्चीच्या हातांची उंची बदलली, पुन्हा बसलो. कमरेचा आधार एक खाच वर घेतला. कॉम्प्युटरचा पडदा अर्धी वीत उंच केला, त्यासाठी खाली दोन जाड शब्दकोश घातले. तासाभराने पाय बघितले. दोन्ही जमिनीवर, सपाट, शेजारी शेजारी, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखे. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढी नीट बसवलेली खुर्ची दुसरी नसेल. आणि मनातल्या मनात मी तिचं रेल्वेचं आरक्षण करत होतो.

पाठ खुर्चीनेच बरी झाली असं म्हणणार नाही. डॉक्टरांचा व्यायाम होता, मुग्धाची चिकाटी होती. पण चार आठवड्यांत ती रात्रभर झोपायला लागली, मग जिना भराभर चढायला लागली, आणि मुदत संपायला आठ दिवस असताना तिने बॅग काढली. सुनंदाने गजकेचे, म्हणजे आमच्याकडच्या तिळाच्या वड्यांचे, चार डबे भरले. बॅग भरताना मुग्धा मला म्हणाली, "बाबा, आता गॅस कुठे लपवणार?" मी म्हटलं, "बॅगेची चेन बिघडवता येईल, बघू का?" दोघंही हसलो. बॅगेची चेन चांगलीच होती. मी खरंच बघितली होती.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, तिचा व्हिडिओ कॉल आला. ऑफिसातून. मागे पांढऱ्या भिंती, खूप मुलं, सगळ्यांसमोर पडदे.

"बाबा, इथली खुर्ची नवीन आहे. एवढे खटके आहेत की मला कळूनच नाही राहिलं. बघता का?"

बघता का! मी चष्मा शोधायला लागलो, तो डोळ्यांवरच होता. तिने फोन जमिनीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून पायांकडे वळवला. मी सांगत गेलो, ती करत गेली. उजवीकडचा खटका, वर. अजून. थांब. मागे सरक, बोटं घाल. किती? तीन? ठीक. हात खाली. सुनंदा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणत होती, "डबा खाल्लास का विचारा. बारीक दिसून राहिली आहे." मी म्हटलं, "पायच दिसतायत, पाय कसे बारीक होतील तीन दिवसांत?"

दहा मिनिटांत झालं. पाय टेकले. ती म्हणाली, "परफेक्ट, बाबा!" शेजारून एक मुलगा वाकला. "काका, माझीपण बघाल? माझी मान जाम दुखते."

"हा ओंकार," मुग्धा म्हणाली. तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली. "बाबा, मला मीटिंगला जायचं आहे. फोन इथेच ठेवते, तुम्ही ओंकारचं बघा. परत आले की घेईन."

ती गेली. पडद्यावर ओंकारचे बूट आले.

मुलगा चांगला होता, सांगितलेलं ऐकत होता. नुसता खुर्ची दोन इंच वर घ्यायचा प्रश्न होता, तिसऱ्या मिनिटाला ते झालं. मी म्हटलं, "अजून जरा बघू या. उठ आणि परत बस." तो उठला, बसला. मग मी त्याला खुर्चीचे हात वरखाली करायला लावले. मग पाठ ढिली करायला लावली, मग पुन्हा घट्ट. त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं उभे राहिले, एक मुलगी म्हणाली, "काका, नंतर माझी हं!" मी म्हटलं, "सगळ्यांची बघतो बेटा, मला काही घाई नाही."

सुनंदा कानाशी पुटपुटली, "झालं ना त्याचं? मग त्या बिचाऱ्याला कशाला उठाबशा काढायला लावून राहिलात?"

मी फोनकडे बोट केलं. "हा फोन तिचा आहे," मी हळूच म्हटलं. "घ्यायला येईलच."

सुनंदाने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, माझ्या शेजारी लावली, पदराने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि नीट बसली.

"त्याला म्हणा," ती म्हणाली, "टेबलपण मोजून दाखव."